गोडंबी खाताना या चुका टाळा

सोलापुरात थंडी पडू लागली की घरोघरी गोडंबी, म्हणजे बिब्याचा गर, घातलेल्या डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू होते आणि त्याच दिवसांत कोणाच्या तरी अंगावर बिबा उतल्याची, म्हणजे बिब्याच्या तेलाने खाज, सूज, फोड आल्याची, बातमी येते. मी अनेक वर्षे हिवाळ्यात लाडू करून देते. दर वर्षी तेच प्रश्न आणि त्याच चुका समोर येत असल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अख्खे बिबे आणून घरी फोडणे. बिब्याच्या काळ्या, कठीण टरफलातील पोकळ्यांमध्ये दाहक तेल भरलेले असते आणि आतला पांढरट गर, म्हणजे गोडंबी, त्या तेलाला अगदी खेटून असतो. बिबा हा आंबा आणि काजू यांच्याच कुळातला; काजूच्या कच्च्या टरफलातही असेच चटके देणारे तेल असते. बिबे फोडणे हे सवयीच्या हातांचे काम आहे आणि ते पोटासाठी करणाऱ्या बायकांच्या बोटांवरही जखमांचे डाग राहतात.

काही हिवाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीतील एका सुनेने, सोललेली गोडंबी महाग पडते म्हणून, आठवडी बाजारातून अख्खे बिबे आणले, मोबाइलवर पाहून ते अडकित्त्याने फोडले, गर काढला आणि अडकित्ता फडक्याने पुसून सासऱ्यांच्या पानाच्या डब्यात ठेवून दिला. त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशी बोटांना खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, काम करताना कपाळाचा घाम हाताने पुसला होता म्हणून, तिच्या पापण्या सुजून डोळे उघडेनात. त्याच अडकित्त्याने सुपारी कातरणाऱ्या सासऱ्यांचे ओठ फोडांनी भरले. लाडू तोपर्यंत वळून झाले होते. एवढे तूप आणि खारीक वाया जाणार म्हणून घरातल्यांचा जीव तुटत होता, तरीही मी तो डबा हट्टाने फेकून द्यायला लावला. हे तेल उशिरा उततं, हेच नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. तासाभरात काही झाले नाही म्हणजे आपण सुटलो, असे त्यांना वाटते.

म्हणून गोडंबी सोललेलीच आणि ओळखीच्या दुकानातूनच घ्यावी. माझी सवय अशी आहे की घरी आणल्यावर हातांवर पिशवी चढवून गोडंबी पांढऱ्या सुती फडक्यावर पसरते, वरून फडके दाबते आणि रात्रभर तशीच ठेवते. टरफलाचा तुकडा किंवा फडक्यावर काळपट डाग दिसला, तर डागाळलेले दाणे वेचून उरलेले वापरण्याच्या फंदात मी पडत नाही; सगळी गोडंबी टाकून देते.

तुपात तळली की दोष जातो, हा समज चुकीचा आहे. टरफलाचे तेल लागलेले दाणे गरम केले, तर त्याच्या वाफेने चेहरा सुजू शकतो.

प्रमाणाबाबत अधीरपणा नको. अर्धा किलो खारकेला मी लहान मूठभर गोडंबी घालते आणि सकाळी एकच लाडू खायला सांगते.

आपले ऊनही विचारात घ्यावे. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत मी गोडंबी वापरते आणि महाशिवरात्रीनंतर हातही लावत नाही. आयुर्वेदाने बिबा अत्यंत उष्ण मानला आहे आणि एप्रिलमध्ये पारा 40 अंशांच्या वर जाणाऱ्या गावात तो खाण्याचा आग्रह मला समजत नाही. शिवाय उन्हाळ्यात गोडंबी लवकर खवट होते.

ज्यांना पूर्वी कधीही बिबा उतला आहे, त्यांनी गोडंबी चाखूनही पाहू नये, कारण पुढच्या वेळी त्रास लवकर आणि अधिक होतो. आंब्याच्या चिकाने तोंड येणारे, काजू न सोसणारे, गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि आम्लपित्त किंवा रक्ती मूळव्याध असलेले यांनीही ती टाळावी. बाळंतिणीला परंपरेने देतात हे खरे आहे, पण माझ्याकडे बाळंतिणीसाठी लाडू मागणाऱ्यांना मी आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगते. त्यावर रुसणारेही भेटतात.

बिब्याचे थेंब दुधात पाडून घेणे किंवा विटेच्या भुकटीत घोळून घरी शुद्धी करणे, हे तर करूच नये. औषधे नियम, 1945 (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ई-1 परिशिष्टातील विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक, म्हणजेच बिबा, आहे. ते औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. अशा द्रव्यामुळे मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

तेल अंगाला लागलेच, तर पुष्कळ गार पाणी आणि साबण यांनी ताबडतोब धुवावे, नखांखालची जागा विसरू नये आणि अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. गरम पाणी, चुना आणि वजरी (अंग घासण्याचा खरखरीत दगड) या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात. खोबरेल तेल लावायचे असेल, तर ते धुऊन झाल्यावरच लावावे. आधी लावल्यास बिब्याचे तेल पसरते. डोळे किंवा चेहरा सुजला, श्वास अडला, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग गडद झाला, तर घरगुती उपाय थांबवून थेट सिव्हिलला जावे आणि बिब्याशी संबंध आला होता हे डॉक्टरांना न लाजता आधी सांगावे.