राखेपासून प्रभूच्या मेजापर्यंत: मंडळीने लेंटचा काळ कसा पाळावा

लेंटचा, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा, काळ जवळ आला की आपल्या ख्रिस्ती मंडळीत पहिला प्रश्न विचारला जातो तो "यंदा तुम्ही काय सोडणार?" हा. कोणी चहा सोडतो, कोणी मटण सोडतो, कोणी रात्री मोबाईल हाती न घेण्याचा निश्चय करतो. या निश्चयांना मी कमी लेखत नाही. परंतु सांगलीच्या एका मंडळीत बरीच वर्षे पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) काम केल्यावर माझी खात्री झाली आहे की हा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा की, पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी प्रभूच्या मेजाभोवती (येशूच्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रभुभोजनासाठी) आपण सर्व जण एकत्र कसे येणार, आणि त्या मेजापाशी एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकणे आज ज्यांना जड जाईल असे आपल्यात कोण आहेत. म्हणून लेंटची आखणी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, पुढे न करता त्या गुरुवारपासून मागे येत करावी, असे मी सुचवतो.

आधी तारखा निश्चित कराव्यात. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण; त्यामुळे आपल्या पंचांगाप्रमाणे तो कधी फाल्गुनी, तर कधी चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, पवित्र गुरुवार २५ मार्चला, उत्तम शुक्रवार २६ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ दिवस भरतात. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. त्या वर्षी होळी पवित्र आठवड्याच्या तोंडावरच येते, आणि रमजानची सुरुवात राखेच्या बुधवारच्याच आठवड्यात होते. मिरजेत राहणाऱ्या कुटुंबांना हे विशेष जाणवेल, कारण पहाटे शेजारच्या घरात दिवा लागलेला असेल तेव्हा आपणही प्रार्थनेला उठू शकतो.

वेळा ठरवताना आपल्या जिल्ह्याचे हे दिवस लक्षात घ्यावेत. दहावी-बारावीच्या परीक्षा, तासगावकडची द्राक्षांची तोडणी, हळद शिजवण्याची आणि वाळवण्याची घाई, उसाच्या गळिताचा शेवट, हे सगळे याच सहा आठवड्यांत येते. ज्या मंडळीने रोज संध्याकाळी सभा ठेवली, तिच्या सभेला तिसऱ्या आठवड्यात पाळक आणि चार आजीबाई एवढेच उरतात. आठवड्यातून एकच सभा ठेवावी, ती पाऊण तासात संपवावी, आणि मग ती एकदाही रद्द करू नये.

राख कशी तयार करावी

आपल्या भागातील कित्येक कुटुंबे मूळची प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभेने चालणाऱ्या प्रॉटेस्टंट, परंपरेतील आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत ज्या मिशनचे रुग्णालय उभे केले, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा निरनिराळ्या परंपरांतील मंडळ्या बिशपांच्या व्यवस्थेखाली एक झाल्या. त्यामुळे राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावण्याची रीत एका कुटुंबाला जवळची वाटते, तर दुसऱ्याला ती परकी किंवा अंधश्रद्धेच्या जवळ जाणारी वाटते. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या आहेत. म्हणून आधीच्या दोन रविवारी पाळकांनी तिचा अर्थ सांगावा, राख घेणे ऐच्छिक आहे हे स्पष्ट करावे, आणि जे पुढे येणार नाहीत त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये. त्याच दिवशी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातून वाचतात, आणि तेथे प्रभू उपवास करणाऱ्याला डोक्याला तेल लावायला व तोंड धुवायला सांगतो. हा विरोध झाकू नये, तो उपदेशातच घ्यावा. राख आपल्याला आपण माती आहोत याची आठवण देते, आपण किती धार्मिक आहोत हे ती लोकांना सांगत नाही; म्हणून उपासनेनंतर ती पुसून कामावर गेलेला मनुष्य काहीही चुकत नाही.

ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वापरलेल्या झावळ्यांची करतात. आपल्याकडे नारळाच्या किंवा शिंदीच्या झावळ्या वापरल्या जातात, आणि त्यांचे वळून केलेले क्रूस वर्षभर घरोघरी तसबिरीच्या मागे खोचलेले असतात. ते दोन आठवडे आधी गोळा करावेत आणि हे काम संडे स्कूलच्या मुलांकडे द्यावे. चांगल्या कोरड्या झावळ्यांचे तुकडे करून चर्चच्या आवारात, वारा नसताना, लोखंडी घमेल्यात जाळाव्यात. रॉकेल ओतू नये, कारण त्याचा वास राखेतून जात नाही. पूर्ण निवल्यावर राख खलात कुटून तलम कापडातून गाळून घ्यावी. चमचाभर राख पुष्कळ होते. ती मळताना पाणी मुळीच वापरू नये, खोबरेल तेलाचे थोडे थेंब पुरे होतात. एका वर्षी घाईघाईत आम्ही पाणी मिसळले आणि तीन-चार मुलांच्या कपाळांवर लाल चट्टे उठले. पाण्यात राखेतील क्षार उतरतात आणि ते त्वचेला पोळतात. पूर्वी त्याच गुणामुळे राखेच्या पाण्यात कपडे उकळत असत.

उपवास आणि त्यातून वाचलेले धान्य

आपल्या मुलखात उपवास म्हटले की साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याचे कूट असे पदार्थ डोळ्यांसमोर येतात. लेंटच्या उपवासात पदार्थ बदलण्याला महत्त्व नाही. ताटात कमी वाढून घेणे आणि जे कमी झाले ते दुसऱ्याच्या ताटात पोहोचवणे, हे त्याचे स्वरूप आहे. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव स्वतःच सांगतो की त्याला आवडणारा उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या तोडणे आणि भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे. त्यामुळे बुधवारी आणि शुक्रवारी एक जेवण सोडावे, आणि त्या जेवणाचे तांदूळ किंवा ज्वारी मापून वेगळ्या डब्यात काढावी. मापून काढणे आवश्यक आहे, कारण अंदाजाने काढलेले धान्य नेहमी कमीच निघते. मधुमेहाचे किंवा रोज गोळ्या घेणारे, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि उन्हात अंगमेहनत करणारे यांनी जेवण सोडू नये. त्यांनी डब्यात मूठभर धान्य टाकले तरी ते या उपवासात पूर्णपणे सहभागी झाले असे मंडळीने मानावे.

धान्य कोणाला द्यायचे हे लेंटच्या सुरुवातीलाच ठरवावे. साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कुटुंबे कोप्यांमध्ये राहतात. गळीत संपले की ती गावी परततात, आणि हा शेवट पुष्कळदा मार्चमध्येच येतो; म्हणून ईस्टरची वाट पाहणाऱ्या मंडळीच्या हाती रिकामी जागा लागते. चौथ्या रविवारच्या आधी धान्य पोहोचवावे, मुकादमाच्या हाती न देता कुटुंबांच्या हाती द्यावे, आणि त्या वेळी छायाचित्रे काढू नयेत. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, हे वचन राखेच्या बुधवारीच आपण ऐकलेले असते.

वाचन, गायन आणि मौन

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चसह जगभरातील अनेक मंडळ्या जी तीन वर्षांची सामायिक पाठसूची (उपासनेत वाचायच्या उताऱ्यांची यादी) वापरतात, तिच्याप्रमाणे २०२७ चा लेंट दुसऱ्या, म्हणजे 'ब' वर्षात येतो. त्यात पहिल्या रविवारी मार्काच्या शुभवर्तमानातील अरण्यातील परीक्षा, तिसऱ्या रविवारी योहानातील मंदिराचे शुद्धीकरण, आणि पाचव्या रविवारी योहानाच्या बाराव्या अध्यायातील जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयीचे वचन आहे. आपल्या पाळकांकडे वेगळी पाठसूची असेल तर तीच पाळावी. घरसभेसाठी मात्र हे पाठ घेता येतील. सभेत एकच उतारा दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत, सावकाश वाचावा. त्यानंतर घड्याळ लावून तीन मिनिटे पूर्ण शांत बसावे. मग ज्याला वाटेल त्याने कोणता शब्द मनात राहिला एवढेच एका वाक्यात सांगावे. त्यावर कोणीही भाष्य करू नये किंवा दुरुस्ती सुचवू नये. गव्हाच्या दाण्याच्या उताऱ्यानंतर आमच्याकडे एक शेतकरी बाई, ज्या एरवी सभेत कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, "बियाणं म्हणून ठेवलेलं खाल्लं नाही की पोटात तुटतं." त्या संध्याकाळी कोणालाही वेगळ्या उपदेशाची गरज वाटली नाही.

वेदीवर जांभळे वस्त्र घालावे, फुले ठेवू नयेत आणि 'हालेलुया' ईस्टरपर्यंत गाऊ नये. गाण्यांच्या बाबतीत तर आपल्यापाशी घरचेच धन आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत साताऱ्यात राहून १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ सुरू केला आणि ख्रिस्तभक्ती अभंगाच्या चालीवर आणली. लेंटमध्ये बाजा, तबला आणि झांजा यांतल्या झांजा बाजूला ठेवाव्यात आणि त्यांची भजने संथ लयीत म्हणावीत. एवढ्याने चर्चमधील हवा बदलते.

समेट

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. प्रत्येक मंडळीत न बोलणारी माणसे असतात. निवडणुकीतील हार, वर्गणीचा हिशेब, मिशनच्या जागेतील घर, लग्नातील मानपान, अशी कारणे असतात, आणि कारण विसरले गेले तरी अबोला चालू राहतो. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पाळकांना स्पष्ट सूचना आहे की ज्यांच्यात वैर आहे हे त्यांना दिसते, त्यांना समेट होईपर्यंत प्रभुभोजनास घेऊ नये. आणि एक जण मनापासून क्षमा करण्यास व चूक सुधारण्यास तयार असेल, पण दुसरा हट्ट सोडत नसेल, तर तयार असलेल्याला घ्यावे. आज कोणाला मेजापासून परत पाठवावे असे मी म्हणत नाही. पण त्या सूचनेतील गांभीर्य आपण गमावले आहे, हे मला मनापासून वाटते.

कसे करावे? पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एकांतात एकच नाव कागदावर लिहावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या नावासाठी रोज प्रार्थना करावी, आणि ती त्याला सुबुद्धी मिळावी अशी नसावी. त्याच्या घरासाठी, मुलांसाठी, प्रकृतीसाठी असावी. चौथ्या आठवड्यात त्याच्या घरी जावे. व्हॉट्सॲपवर क्षमा मागू नये, चर्चच्या दारात घाईने हस्तांदोलन करू नये, आणि साक्ष देताना त्याचा उल्लेख तर मुळीच करू नये. भांडण पैशाचे किंवा हिशेबाचे असेल तर कागद सोबत न्यावेत.

हे मी अनुभवाने सांगतो. कब्रस्तानाच्या भिंतीच्या हिशेबावरून आमच्या एका ज्येष्ठ सभासदांशी माझा दोन वर्षे अबोला होता. एका लेंटमध्ये मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवली आणि एवढेच विचारले, "वही आणलीस का?" मी आणली होती. आम्ही पान न् पान तपासले, आणि सिमेंटच्या पोत्यांची एक नोंद मीच दोनदा केल्याचे निघाले. दोन वर्षे मी ज्या गोष्टीसाठी त्यांना दोष देत होतो ती माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. मी क्षमा मागितली; त्यांनी वही मिटून माझ्या पिशवीत ठेवली आणि सुनेला जेवणाची पाने घ्यायला सांगितले.

येथे एक मर्यादा पाळकांनी आणि वडीलधाऱ्यांनी कटाक्षाने पाळावी. जिला घरात मारहाण होते, किंवा ज्याच्यावर कोणी अत्याचार केला आहे, त्या व्यक्तीला लेंटच्या नावाने समेटाची गळ घालू नये. तिचे रक्षण करणे हे मंडळीचे काम आहे, आणि क्षमेची वेळ ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पवित्र आठवडा

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी ठेवायचा असेल तर बारा जणांची निवड पाळकांनी आधी करावी, त्यांत सफाईचे काम करणारे आणि स्त्रियाही असाव्यात, कोमट पाणी आणि प्रत्येकाला वेगळा टॉवेल ठेवावा. शेवटी वेदीवरील वस्त्रे आणि दिवे काढून नेताना कोणी काही बोलू नये. ज्यांचा समेट झाला त्यांना त्या संध्याकाळी मुद्दाम शेजारी बसवू नये. त्यांना बसायचे असेल तेथे ते बसतील. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळेत वधस्तंभावरील सात उद्गारांवर बोलणाऱ्या प्रत्येकाला बारा मिनिटांची मर्यादा घालावी आणि दोन उद्गारांमध्ये गाणे व मौन ठेवावे. मार्चअखेरच्या त्या उन्हात मागच्या बाकांवरील वृद्धांसाठी पाण्याचा माठ भरून ठेवायला कोणाला तरी आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.