ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी टायमर १ कसा लावायचा

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांसाठी मी अंबडमध्ये ठिबकचे छोटे कंट्रोलर बनवते. शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रोग्रॅम ठरलेला असतो: व्हॉल्व्ह चालू, दहा मिनिटांचा डिले, व्हॉल्व्ह बंद. त्या दहा मिनिटांत पाइप फुटून प्रेशर पडलं तरी प्रोसेसरचं तिकडे लक्षच नसतं, मोटर चालूच राहते. म्हणून सेकंद मोजायचं काम हार्डवेअर टायमरकडे, म्हणजे प्रोसेसरला न अडकवता आपोआप मोजणाऱ्या चिपमधल्या भागाकडे द्या.

आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये तीन टायमर आहेत. टायमर ० ला हात लावू नका, वेळ मोजणारी मिलिस आणि डिले ही फंक्शनं त्याच्यावरच चालतात. टायमर २ आठ बिटांचा, २५५ पर्यंतच मोजतो. आपल्याला हवा टायमर १: सोळा बिटांचा, ६५,५३५ पर्यंत जाणारा. तो घेतला की सर्वो लायब्ररी (सर्वो मोटर फिरवणारा तयार कोड) आणि पिन ९-१० वरचं पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल) सोडावं लागतं. ठिबकला दोन्ही लागत नाहीत.

एका सेकंदाचा हिशेब आधी कागदावर मांडा. क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १,६०,००,००० ठोके. प्रीस्केलर, म्हणजे ठोक्यांना भागणारा आकडा, ६४ घेतला तर अडीच लाख येतात, ते सोळा बिटांत मावत नाहीत. २५६ घेतला की ६२,५००. मोजणी शून्यापासून होते, म्हणून ओसीआर१ए मध्ये, म्हणजे कुठवर मोजायचं ते ठेवायच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या खणात), ६२,४९९.

आता क्रम, आणि इथे घाई करू नका. इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरला हाक मारणारे इशारे, बंद करा. टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी ही टायमर कसा चालायचा ते ठरवणारी रजिस्टरं दोन्ही शून्य करा. तुमचं सेटअप सुरू होण्याआधीच आर्डुइनोने टायमर १ पीडब्ल्यूएमसाठी लावून ठेवलेला असतो. टीसीसीआर१ए मधला डब्ल्यूजीएम१० हा बिट तसाच राहिला, तर टायमर २५५ वरूनच मागे फिरतो, ६२,४९९ कधी येतच नाही आणि सेकंद पुढे सरकत नाही. प्रोग्रॅम मात्र बिनचूक कंपाइल होतो, त्यामुळे मुलं तासन्‌तास वायरिंग तपासत बसतात. शून्य केल्यावर टीसीएनटी१ मध्ये (चालू मोजणी इथे असते) ०, ओसीआर१ए मध्ये आपला आकडा. मग टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१२ (आकडा गाठला की पुन्हा शून्यापासून) आणि सीएस१२ (प्रीस्केलर २५६) हे बिट, टीआयएमएसके१ मध्ये ओसीआयई१ए (आकडा गाठला की इंटरप्ट). शेवटी इंटरप्ट चालू.

इंटरप्टच्या फंक्शनमध्ये फक्त सेकंद एकाने वाढवा. रिले, सिरियल प्रिंट सगळं लूपमध्ये. सेकंदाचं व्हेरिएबल व्होलाटाइल हवं, म्हणजे ते दर वेळी मेमरीतून ताजं वाचलं जातं. ते दोन बाइटचं असेल तर वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करा, कारण ही चिप आठ बिटांची आहे. अर्धा आकडा जुना, अर्धा नवा असं हाती येऊ शकतं.

उनोच्या सिरॅमिक रेझोनेटरमध्ये (क्लॉकचे ठोके देणाऱ्या भागात) अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो. दहा मिनिटांच्या पाण्यात तो तीन सेकंदांचा, तेवढा चालतो. पण ‘पहाटे पाचला सुरू’ असं हवं असेल तर हा टायमर वापरू नका. दिवसाला सात मिनिटांपर्यंत चूक होईल, शिवाय शेतीची वीज गेली की मोजणी पुन्हा शून्यावर. त्यासाठी सेलवर चालणारं डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोडा, आणि टायमर १ कडे फक्त व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा एवढंच ठेवा.