हँडलचा रेडिओ: घेताना, ठेवताना, वापरताना

पूर-पावसात लाईट गेल्यावर बातम्या ऐकायला, हँडल फिरवून वीज बनवणारा रेडिओ घ्यायला निघालात आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘वेदर बँड’ किंवा ‘एनओएए’ (अमेरिकेची हवामान संस्था) लिहिलेले दिसले, तर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. तो बँड म्हणजे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधली सात चॅनेल. त्यांवर हवामानाचे प्रसारण होते ते अमेरिका-कॅनडाकडे. सोलापुरात त्या बँडवर फक्त खरखर ऐकू येईल. अशा सेटचा ‘अलर्ट’ही त्याच प्रसारणाच्या संकेतावर वाजतो, त्यामुळे आपल्याकडे तो कधीच वाजणार नाही. रात्री झोपेतून उठवायचे काम मोबाइलवर येणाऱ्या सरकारी इशाऱ्याचे. लाईट गेली, टॉवर बंद पडला, फोनची बॅटरी संपली, की मग रेडिओचे काम सुरू होते.

म्हणून सेटवर पहिल्यांदा बघायचे ते हँडल नव्हे, बँड. एफएम तर हवाच, पण मीडियम वेव्हही हवा. बरेच सेट त्यालाच ‘एएम’ म्हणतात. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. शहरात त्या चांगल्या मिळतात, पण करमाळा किंवा सांगोल्याच्या बाजूला, त्यातही खोलगट वस्तीवर, भरवसा धरता येत नाही. मीडियम वेव्ह जमिनीलगत लांब जाते आणि अंधार पडल्यावर आणखी लांबची केंद्रे लागतात. आकाशवाणी पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ हे त्यातले मुख्य, कारण सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या पुण्याच्या असतात.

इथे एक खोच आहे, ती दुकानदार सांगत नाही. आपल्याकडे मीडियम वेव्हची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, अमेरिकेत १०-१०च्या. आकडे दाखवणारा डिजिटल सेट अमेरिकेसाठी बनवलेला असेल, तर तो ७९०वरून थेट ८००वर उडी मारतो आणि ७९२ कडेला राहून घशात अडकल्यासारखे वाजते. एफएमलाही तेच. काही सेट १०१.१, १०१.३, १०१.५ असेच सरकतात, मधले १०१.४ त्यांना लागत नाही. ९ आणि १० अशी निवड करता येत असेल तर सेट चालेल. नसेल तर काटा फिरवायचा साधा सेट बरा, त्याला पायऱ्याच नसतात.

आता हँडल. त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. सेकंदाला दोन फेऱ्या अशा बेताने फिरवले तर छोट्या जनित्रातून जेमतेम दीड-दोन वॉट मिळतात. मध्यम आवाजात रेडिओला पाव वॉटच्या आसपास लागतो, म्हणजे एक मिनिट फिरवून पाच-सात मिनिटे ऐकता येते. बातम्यांपुरते पुरे. हँडलने फोन चार्ज करायचे गणित मात्र बसत नाही. ५००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॉट-तास मावतात, दोन वॉटने ते भरायला दहा तास हँडल मारावे लागेल. शिवाय वाटेत वीज वाया जाते ती वेगळीच. एक फोन करण्यापुरता जीव त्यात आणता येतो, एवढेच धरून चाला.

हँडल हे शेवटचे साधन. रोजचा भार बॅटरीवर. आत ३.७ व्होल्टचा लिथियम सेल असावा, किमान २००० एमएएचचा, आणि मागचे झाकण काढून बदलता येणारा. सेल किंवा पॅकवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. यासोबत साधे पेन्सिल सेल घालायची सोय असेल तर तोच सेट उचला. पेन्सिल सेल कुठल्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. मात्र ते सेटमध्ये घालून ठेवू नका. महिनोन्‌महिने पडून राहिले की त्यांतून पाणी सुटते, स्प्रिंग गंजते आणि ऐन वेळी सेट मुका. पिशवीत वेगळे ठेवा, न फोडलेल्या पाकिटात.

सोलापूरच्या नवी पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत संपण्याआधी ही तपासणी उरका. बॅटरी काढा आणि नुसते हँडल फिरवत रेडिओ लावून बघा. पुष्कळ सेटमध्ये हँडलची वीज आधी बॅटरीत जाते आणि तिथून रेडिओला. त्यामुळे बॅटरी मेली की हँडलही निरुपयोगी. जो सेट बॅटरीशिवाय बोलतो तो घ्या. मग हँडलची दांडी उघडताना तिची बिजागरी हलवून बघा. बहुतेक सेट तिथेच मोडतात. आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात, करकर आवाज आला किंवा मध्येच हँडल मोकळे फिरले तर दात गेलेले समजा. जोर लावून भराभर फिरवणे हे त्याचे नेहमीचे कारण. सेट मांडीवर दाबून, एका लयीत फिरवा. सायरनचे बटण चुकून दाबले जाईल असे बाहेर आलेले असेल तर नको, पोरे एका दुपारी बॅटरी संपवतील.

वरच्या सोलर पट्टीची जाहिरात सोलापुरात उलटी पडते. एवढ्याशा पट्टीतून बहुधा अर्धा वॉटसुद्धा मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी सेट एप्रिलच्या गच्चीवर ठेवला तर काळे प्लॅस्टिक हात लावू देणार नाही इतके तापते. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. फुगलेला सेल, न बसणारे झाकण, हे सगळे तिथूनच. पट्टी वापरायचीच तर सकाळी नऊच्या आत. पत्र्याची खोली किंवा गाडीचा डॅशबोर्ड या दोन्ही जागा ठेवायला वर्ज्य. जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतला कोनाडा उत्तम.

सेटसोबत एका झिपच्या पिशवीत चार्जिंगची केबल, पेन्सिल सेल, एक पेन आणि चिठ्ठी. ‘आयपीएक्स३’ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल, भरलेल्या पाण्यात नाही, तेव्हा पिशवी हवीच. चिठ्ठीवर तुमच्या घरात, तुमच्या सेटवर खरोखर लागलेली केंद्रे आणि काट्याची जागा लिहा. मीडियम वेव्ह लावताना सेट गोल फिरवा, आतला फेराइटचा दांडा, म्हणजे मीडियम वेव्हची एरियल, एका दिशेने नीट पकडतो. खरखर जात नसेल तर जवळचा चार्जर किंवा एलईडी दिवा बंद करून बघा. एफएमची एरियल पूर्ण ओढा. विजा चमकत असताना मात्र ती मिटवा, खिडकीपासून लांब बसा आणि चार्जिंगची वायर काढा. चिठ्ठीवर केंद्रांच्या खाली मदतीचे नंबर लिहा: ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, बातम्यांत कान कशासाठी द्यायचा ते. भीमाकाठच्यांनी उजनी धरणाचा विसर्ग किती क्युसेक हे टिपायचे, पण तेवढ्याने भागत नाही. वीर धरणाचे पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते, म्हणून पंढरपूरकराला दोन्ही आकडे हवेत. सीना नदीचा हिशेब वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये करमाळा, माढा, मोहोळकडची गावे तिनेच बुडवली. हवामान खात्याच्या इशाऱ्यात आपला जिल्हा ‘मध्य महाराष्ट्र’ या विभागात येतो. मराठवाड्याचा अंदाज ऐकून निर्धास्त होऊ नका, पण सीना तिकडच्या कडेने वाहत येते, तेव्हा धाराशिवचा पाऊसही ऐकून ठेवा.

सेट दर तीन महिन्यांनी बाहेर काढा. निम्म्याच्या थोडा वर चार्ज करून परत ठेवा. लिथियम पूर्ण भरून उन्हाळ्यात पडून राहिला तर लवकर म्हातारा होतो, पूर्ण रिकामा राहिला तर उठतच नाही. एकदा काढा मार्चमध्ये, वळवाच्या आधी. मग जूनमध्ये, तेव्हा मात्र पूर्ण भरा. मग सप्टेंबरमध्ये, आणि त्यानंतर लगेच कपाटात टाकू नका, कारण २०२०ची मोठी अतिवृष्टी ऑक्टोबरच्या मध्यावर झाली होती. दिवाळी झाली की निम्म्यावर आणून ठेवला तरी चालेल.