प्रथम वर्षातली गळती थांबवायची तर हजेरीपटापासून सुरुवात करा

तालुक्याच्या महाविद्यालयात जुलैत भरलेला प्रथम वर्षाचा वर्ग दिवाळीनंतर ओसरतो. 'पोरांना शिकायचंच नाही' म्हणून विषय सोडून देणं मला अजिबात पटत नाही. यावर उत्तम संशोधन झालं आहे आणि ते आपल्याकडे वापरता येतं.

१. पोरं कुठे गळतात ते शोधा. मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट काढा. एका वहीत प्रत्येकापुढे गाव, शेवटची हजेरी आणि परीक्षेचा अर्ज भरला की नाही, एवढंच लिहा. मग यादी गावांप्रमाणे लावा. एकाच बसच्या वाटेवरची पोरं पहिल्या तासाला सारखी गैरहजर दिसतील. काही नावं सोयाबीन काढणीला गळतील, काही कापूस वेचणीला. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा.

२. त्या कारणावर आजमावलेला उपाय निवडा. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये 'असॅप' उपक्रम सुरू केला. सोडतीने दोन गट पाडून तो तपासला गेला. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे उपक्रमातले विद्यार्थी ४० टक्के होते, बाहेरचे २२ टक्के. त्यांना फीची मदत, पुस्तकं, प्रवासाचा पास आणि सतत विचारपूस करणारा सल्लागार मिळत होता.

३. उपाय आपल्या मातीत बसवा. आपल्याकडे प्रवासाचा पास म्हणजे एसटीचा पास. तो सवलतीत मिळतो, पण आगारातल्या रांगेत दिवस मोडतो. एसटीने शाळा-महाविद्यालयांतच पास देण्याची मोहीम घेतली आहे. प्राचार्यांनी आगाराला यादी द्यावी. बसची वेळ बदलत नसेल, तर पहिला तास बदला. सल्लागाराचं काम मेंटॉर प्राध्यापकांनी, म्हणजे ठरावीक विद्यार्थी नेमून दिलेल्या प्राध्यापकांनी करावं, पण नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलपुरतं नव्हे. सलग तीन दिवस गैरहजर असलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करा. 'का आला नाहीस?' असं दरडावू नका. 'काय रे, बस चुकते का, का वेचणीला जातोस?' असं विचारा. वेचणी असेल तर बुडालेले तास कधी भरून काढायचे, ते त्याच फोनवर ठरवा. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

४. तासाची शेवटची दहा मिनिटं वेगळी ठेवा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पुस्तकं मिटवून आजचे तीन मुद्दे लिहायला लावा. गुण देऊ नका, नाहीतर पोरं शेजारच्याचं उतरवतील.

५. मोजा. काय मोजणार ते जुलैतच लिहून ठेवा: डिसेंबरातली हजेरी, भरलेले परीक्षा अर्ज, पहिल्या सत्रात सगळ्या विषयांत पास झालेले विद्यार्थी. दोन तुकड्या असतील तर चिठ्ठी टाकून एकीत आधी सुरू करा. चाळीसच्या वर्गात तीन-चार जण जास्त पास झाले, तर तो योगायोगही असू शकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच मोजा आणि मगच बाकीच्या विभागांना सांगा.