प्रिंट येते पण स्कॅन फोल्डरला जात नाही? ऑफिसचं मशीन नेटवर्कवर असं लावा

मशीन जागेवर ठेवलंय, टोनर बसवलाय, लॅन केबल राऊटरला नाहीतर स्विचला गेलीये, इथपर्यंत झालंय असं धरतो. वायफायवर लावू नका. घरचा छोटा प्रिंटर असेल तर ठीक, पण पाचसहा जण वापरणारं प्रिंट-स्कॅन-झेरॉक्सवालं मशीन असेल तर केबलच, त्यावर मी वाद घालत नाही. बऱ्याच प्रिंटरना २.४ गिगाहर्ट्झच पकडता येतं आणि कोणीतरी ते गेस्ट वायफायला जोडून ठेवतं, मग तिथे एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसतच नाही आणि सगळे बसतात ड्रायव्हर टाकत काढत.

पॅनलवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा. त्यावर आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही, आधी केबल बघा, पुढे जाऊ नका. नीट आयपी आला असेल (जिओफायबरवर सहसा १९२.१६८.२९ ने सुरू होणारा असतो, बाकी ठिकाणी बहुतेक १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.०) तर तो पक्का करा. पक्का करा म्हणजे मनाला येईल तो आकडा मशीनमध्ये स्टॅटिक म्हणून टाकू नका, डीएचसीपी (राऊटरची आपोआप आयपी वाटायची सोय) तोच आकडा उद्या कोणाच्यातरी मोबाईलला देईल. राऊटरच्या पानावर जाऊन मशीनच्या मॅक ॲड्रेसवर (त्याच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) रिझर्वेशन करा, म्हणजे राऊटर त्याला दर वेळी तोच आयपी देईल, आणि ज्या पीसीवर स्कॅन येणार आहेत त्याचंही लगेच तिथेच करून टाका. दुपारी लाईट जाते, राऊटर परत चालू होतो, पीसीला नवा आयपी मिळतो आणि स्कॅन बंद पडतात, आणि सगळे म्हणतात मशीन बिघडलं.

आता ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाका, त्याचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडेल. ॲडमिनचा पासवर्ड बदला. तारीख, वेळ आणि टाइम झोन बरोबर करा, याचं काय कारण ते पुढे येईलच. आणि राऊटरमध्ये प्रिंटरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट मशीनपर्यंत वाट उघडणं) कुणी सांगितलं तरी करू नका. २०१८ मध्ये एका हॅकरने इंटरनेटवर उघड्या पडलेल्या प्रिंटरांवर ‘प्यूडीपायला सबस्क्राइब करा’ (प्यूडीपाय म्हणजे एक यूट्यूबर) अशी पानं छापून दाखवली होती, त्याने स्वतः सांगितलेला आकडा ५० हजार प्रिंटरांचा. दार होतं ९१०० नंबरचं पोर्ट.

हेच ९१०० आपल्याला आत, ऑफिसात मात्र हवंय. विंडोजला आपोआप प्रिंटर शोधू दिला की तो बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट बनवतो, ते दोन दिवस छान चालतं आणि मग एका सकाळी प्रिंटर ‘ऑफलाइन’. त्यामुळे हाताने ॲड करा: स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, मशीनचा आयपी, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. एलपीआर म्हणजे ५१५ वालं जुनं, त्याला क्यूचं नाव लागतं, मशीनच्या माहितीपुस्तकात मुद्दाम सांगितलं असेल तरच. आयपीपी म्हणजे ६३१, मोबाईलवरून एअरप्रिंट वगैरे होतं ते त्याच्यावरच, ते चालू राहू द्या. पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ (प्रिंटरची हालहवाल विचारत राहणारी सोय) ही टिक असते, प्रिंटर चालू असून विंडोज ऑफलाइन म्हणत असेल तर ती काढा. प्रिंटचं काम संपलं.

स्कॅन टू फोल्डर

इथे लोकांचे दिवस जातात, माझेही गेलेत. एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम होतं. प्रिंट देताना तुमचा पीसी मशीनकडे जातो. स्कॅनला उलटं असतं, मशीन तुमच्या पीसीकडे येतं आणि त्याच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवायला बघतं. म्हणजे तेवढ्यापुरता तुमचा पीसी सर्व्हर झाला, आणि मशीन दार वाजवणारा कुरिअरवाला. दार आतून लावलेलं असेल तर कुरिअरवाल्याला शिव्या देऊन काय होणार? तरी सगळे मशीन रिसेट करतात, फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकतात, सर्विस इंजिनिअरला बोलावतात. बिघाड बहुतेक वेळा पीसीत असतो.

या कामाचा प्रोटोकॉल म्हणजे एसएमबी (विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत), पोर्ट ४४५. आता पीसीवर काय करायचं ते सांगतो, क्रम बदलू नका.

आधी स्कॅनसाठी वेगळा लोकल युजर बनवा. कुणाचंही रोजचं लॉगिन मशीनमध्ये टाकू नका, तो माणूस पासवर्ड बदलतो आणि स्कॅन बंद. पिन तर नाहीच नाही, पिन त्या पीसीसमोर बसून लॉगिन करायला असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही, आणि हे न सांगितल्यामुळे किती जण ‘पासवर्ड बरोबर आहे हो’ म्हणत डोकं आपटतात. काही जणांच्या पीसीला पासवर्डच नसतो, सरळ एंटर. विंडोज अशा रिकाम्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही, मुळातलं सेटिंगच तसं आहे. तेव्हा नवीन युजर, नाव स्कॅन (टाइप करताना अर्थात इंग्रजीत), पासवर्ड अक्षरं आणि आकडे मिळून बाराएक, विचित्र चिन्हं नकोत कारण मशीनच्या त्या छोट्या पॅनलवर ती टाइप करताना नक्की चुकणार. विंडोज प्रो असेल आणि कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधून युजर बनवत असाल तर दोन टिक बघा. ‘पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदला’ ही आधीपासून लागलेली असते, ती काढा, नाहीतर मशीन बिचारं पासवर्ड बदलणार कसं. आणि ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’ लावा, नाहीतर ४२ दिवसांनी पासवर्ड संपतो आणि दीड महिना नीट चाललेलं स्कॅन अचानक का बंद पडलं ते कुणालाच कळत नाही. होम एडिशनमध्ये ही खिडकी नाही, सेटिंग्जमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवायचा युजर बनवा.

मग फोल्डर. डेस्कटॉपवर नको, डॉक्युमेंट्समध्ये नको, तिथे परमिशनचा गुंता असतो आणि वनड्राइव्ह कधी ते फोल्डर उचलून स्वतःकडे नेईल सांगता येत नाही. सरळ सी किंवा डी ड्राइव्हवर बनवा, नाव इंग्रजीत, मधे स्पेस नाही. ‘आवक-जावक’ असं मराठी नाव आपल्याला बरं वाटतं, पण शेअरचं नाव मराठीत ठेवलं तर बऱ्याच मशीनना ते झेपत नाही. आत मग हवी ती मराठी फोल्डरं करा.

परमिशन दोन ठिकाणी द्यायची असते आणि लोक एकाच ठिकाणी देतात. प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर, ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये स्कॅन युजरला ‘चेंज’, आणि शेजारच्या सिक्युरिटीच्या टॅबवर त्याच युजरला ‘मॉडिफाय’. दोन्हींत जे कमी असेल ते लागू होतं, त्यामुळे एकीकडे फुल कंट्रोल दिलं आणि दुसरीकडे नुसतं रीड राहिलं तर मशीन आत येईल पण फाइल ठेवता येणार नाही. एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन पासवर्डचं शेअरिंग बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो, तो देणाऱ्याला पगाराची शीट, क्लायंटची पॅन-आधारची झेरॉक्स असलं काही त्या फोल्डरमध्ये येणार हे माहीतच नसतं बहुतेक.

नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ आहे का बघा. पब्लिक असेल तर फायरवॉल ४४५ वर कोणाला येऊ देत नाही. प्रायव्हेट करून फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा, बास. अख्खी फायरवॉल बंद करायची काहीही गरज नाही, आणि वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याचीही स्वतःची फायरवॉल असते, तीही तपासा. पीसीची स्लीप बंद करा, झोपलेला पीसी फाइल घेत नाही.

आता मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये नोंद, ती पॅनलवरून नको, ब्राउझरमधूनच करा. होस्टच्या जागी पीसीचा आयपी, नाव नको, नाव शोधण्यात अजून एक भानगड. फोल्डरच्या जागी शेअरचं नाव, फक्त शेअरचं नाव, सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण रस्ता नाही. काही मशीनमध्ये एकच रकाना असतो, तिथे \\१९२.१६८.१.२०\स्कॅन अशा थाटात लिहायचं, आकडे आणि नाव अर्थात इंग्रजीत. युजर नुसता घेत नसेल तर पीसीचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजर असं लिहून बघा. आणि मघाशी वेळ नीट करा म्हटलं ते यासाठी: मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जाऊ शकतं, डोमेन असलेल्या (म्हणजे सगळी लॉगिन एका सर्व्हरवरून चालणाऱ्या) ऑफिसात तर केर्बेरॉस ही लॉगिन तपासायची पद्धत मुळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

तरी नाही चाललं तर ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवर बसा, मॅप नेटवर्क ड्राइव्हमध्ये तोच रस्ता टाका, ‘वेगळं युजरनेम वापरा’ला टिक करा (नाहीतर विंडोज आधीचा साठवलेला पासवर्ड वापरून तुम्हाला फसवेल), तोच स्कॅन युजर, तोच पासवर्ड, आणि एक फाइल टाकून बघा. इथेही अडलं तर मशीनला हात लावू नका, वरचं सगळं पीसीवर परत तपासा. इथे चाललं आणि मशीनवरून नाही, तर नोंदीत टायपिंगची चूक आहे किंवा मशीन आणि विंडोज यांचं एसएमबीच्या व्हर्जनवरून जमत नाहीये.

जुनी मशीन एसएमबी १, म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं व्हर्जन बोलतात. विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून, होम आणि प्रोच्या नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ ची सर्व्हरची बाजू येतच नाही. मग जो तो सांगतो, विंडोज फीचर्समध्ये जा आणि चालू करा. करू नका. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७ मध्ये याच एसएमबी १ मधल्या भोकातून पसरला, महिनाभराने नोटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक वापरलं आणि तेव्हा आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल अडकलं होतं. त्या भोकाला पॅच आला, पण स्कॅनसाठी तीस वर्षांपूर्वीच्या काळातला प्रोटोकॉल अकाउंटच्या पीसीवर उघडा ठेवणं मला पटत नाही. मशीनच्या पानावर एसएमबी २ किंवा ३ निवडायची सोय आहे का बघा, नसेल तर फर्मवेअर अपडेट बघा (फर्मवेअरची खरी गरज इथे लागते), तेही नसेल तर एफटीपी किंवा ईमेल.

दुसरी नवी कटकट विंडोज ११ च्या २४एच२ ची. प्रो आणि एंटरप्राइजमध्ये एसएमबी साइनिंग (मधे कुणी फेरफार केला नाही हे पटवणारी डिजिटल सही) आता सक्तीचं आहे, जाणाऱ्यालाही आणि येणाऱ्यालाही, होममध्ये नाही. त्यामुळे एकाच ऑफिसात होमवाल्या पीसीवर स्कॅन येतं आणि प्रोवाल्यावर नाही असं दृश्य दिसतं. आधी मशीनमध्ये साइनिंगचं सेटिंग शोधा, मग फर्मवेअर. पीसीवरची सक्ती काढता येते, पण ती शेवटी, आणि फक्त स्कॅन घेणाऱ्या एका पीसीवर.

ईमेलवर स्कॅन

हे सोपं आहे, फक्त जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. ‘लेस सिक्युअर ॲप्स’ची सवलत गुगलने साध्या खात्यांसाठी मे २०२२ मध्ये बंद केली, जुने व्हिडिओ बघून ते बटण शोधत बसू नका. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, १६ अक्षरी ॲप पासवर्ड (फक्त अशा मशीन-ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा, तो मशीनमध्ये टाका, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस, नाहीतर ४६५ आणि एसएसएल. जीमेलमधून २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जात नाही, त्यामुळे मोठा करारनामा कलर ६०० डीपीआयवर स्कॅन करून ‘मेल येत नाही’ म्हणून फोन करू नका, ब्लॅक अँड व्हाइट २०० वर करा, साधा टाइप केलेला कागद आरामात वाचता येतो.