सोलापुरी उन्हात उपवासकाळ

कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे 2 दिवस. वय 18 ते 59 असेल, तर एकदाच पोटभर जेवा; उरलेल्या 2 वेळचं खाणं मिळून त्या जेवणापेक्षा कमीच हवं. सकाळी अर्धी कडक भाकरी नि शेंगाचटणी, दुपारी जेवण, रात्री ताक-भात. पाण्याने उपवास मोडत नाही, तेव्हा उन्हात तहान मारू नका. आजारी माणसांना, तसंच गरोदर नि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सूट आहे.

मांसवर्ज्य मात्र 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांना. अंडी, मासे चालतात. मटणाचे तुकडे बाजूला सारून रस्सा ओरपायचा, ही निव्वळ पळवाट! गडबड होते ती रात्री: कमी खाऊन वाचलेल्या पैशांचं काय? ते त्याच दिवशी डब्यात टाका, ईस्टरआधी गरजू घरी पोचवा.