आवडीच्या सिनेमा-पुस्तक-गाण्यांची वही कशी लिहायची: वय वाढत चाललेल्या गे माणसांसाठी

पन्नाशी आली की एक काम मनावर घ्याच. आपल्याला जीव लावलेले सिनेमे, पुस्तकं, गाणी यांची एक वही लिहायला घ्या. बाकीचे लोक आपलं आयुष्य लग्नाच्या वाढदिवसांवरून, मुलांच्या शाळा-कॉलेजवरून मोजतात, आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे त्या खुणा नसतात, आणि फोटोंचं म्हणाल तर जो माणूस सगळ्यात जवळचा होता तो एक तर फोटोत नसतोच किंवा कडेला नुसता मित्र म्हणून उभा असतो. पण अमुक सिनेमा कोणाच्या शेजारी बसून बघितला, तमुक पुस्तक कुठल्या कपड्यांखाली लपवलं होतं, हे मात्र लख्ख आठवतं. आपला इतिहास तिथेच आहे, म्हणून तो लिहून ठेवायचा.

सुरुवात यादीने करू नका प्लीज. यादी करायला बसलं की चारचौघांत सांगायला बरी दिसतील अशीच नावं सुचतात, सगळी बक्षीसवाली, आणि जे गाणं ऐकून खरंच रडू यायचं ते राहूनच जातं कारण ते साधं बाजारू फिल्मी गाणं असतं. त्यापेक्षा एकच गाणं घ्या, जे कानावर आलं की आजही हातातलं काम थांबतं. ते लावा, पूर्ण ऐका, मधे फोन बघू नका, आणि संपल्या संपल्या लिहायला लागा, तेव्हा माझं वय काय होतं, कुठे होतो, बरोबर कोण होतं, आणि काय कोणाला कळू नये असं वाटत होतं. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. बाकी तिन्हींची उत्तरं कोणीही देईल, याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे.

ड्युएट असेल तर अजून एक विचारा स्वतःला, मनात कोणाच्या ओळी म्हणायचात? मी कायम हिरॉइनच्या म्हणायचो, ओठ न हलवता, कारण ज्याच्यासाठी म्हणायच्या तो समोरच बसलेला असायचा आणि तो मजेत हिरोच्या ओळी मोठ्याने म्हणत असायचा. अशा गोष्टी लिहा. गाण्याचा राग कुठला, संगीतकार कोण, हे कुठेही मिळतं.

आता वर्षांचं. प्रत्येक नोंदीसमोर दोन वर्षं टाका, ती कलाकृती आली कधी आणि तुमच्यापर्यंत पोचली कधी. हे मला ह्या सगळ्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही कादंबरी 1913-14 मधे लिहिली, दोन पुरुषांचं प्रेम आणि शेवट सुखाचा. इंग्लंडमधे तेव्हा हा गुन्हा होता, 1967 पर्यंत होता, त्यामुळे त्याने ती छापलीच नाही, जवळच्या लोकांना तेवढी वाचायला दिली. 1970 ला तो गेला आणि 1971 ला पुस्तक आलं. म्हणजे 1914 साली जो पोरगा वीस वर्षांचा होता, ज्याला त्या सुखाच्या शेवटाची खरी गरज होती, त्याला ते पुस्तक दुकानात मिळेपर्यंत तो 77 वर्षांचा झालेला. आपल्या सगळ्यांच्याच आयुष्यात ही अशी अंतरं आहेत, कुठे पाच वर्षांचं, कुठे तीस. ते अंतर वहीत आकड्यात दिसलं पाहिजे. आणि समोर मोकळी जागा ठेवा, हे वेळेवर मिळालं असतं तर मी काय वेगळं केलं असतं, ते जेव्हा लिहावंसं वाटेल तेव्हा लिहायला. लगेच नाही लिहिलं तरी चालेल.

मराठीतली अंतरं तर मला फारच आतून लागतात. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी 2006 ची, भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात ती. आणि 2025 मधे रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं' ह्या सिनेमाला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिक विभागाचं ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं, दोन पुरुषांचं प्रेम, आपल्या भाषेत बोलणारं. सोळाव्या वर्षी मला इंग्रजी धड समजत नव्हतं आणि मराठीत असलं काही हाताला लागत नव्हतं, मी जे होतो त्याला माझ्या भाषेत आवाजच नव्हता. आता आहे, आणि तो ऐकायला मी अजून आहे, ह्याचा मला मनापासून आनंद होतो. तो पण लिहिलाय मी वहीत.

मानसशास्त्रवाले सांगतात की माणसाला उतारवयात साधारण 10 ते 30 ह्या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, त्या काळातलं संगीतही तसंच चिकटून राहतं. पण आपल्यातले कितीतरी जण मोकळेपणाने प्रेमात पडले तेच चाळिशीत, काही साठीत. तेव्हा वहीचे दोन भाग करा, शाळा-कॉलेजच्या वयातलं एकीकडे आणि स्वतःला मान्य केल्यानंतरचं दुसरीकडे, कारण दुसऱ्या भागातली गाणी पण तरुणपणीचीच आहेत, फक्त तरुणपण उशिरा आलं. 'बिगिनर्स' नावाचा 2010 चा सिनेमा आहे, त्यातला बाप बायको गेल्यानंतर 75 व्या वर्षी मुलाला सांगतो की मी गे आहे आणि मग पुढचं सगळं मजेत जगायला लागतो. ते काम करणाऱ्या ख्रिस्तोफर प्लमरला ऑस्कर मिळालं तेव्हा तो स्वतः 82 वर्षांचा होता. उशीर झाला असं ज्याला वाटतंय त्याने हा बघावा.

जुने सिनेमे लिहिताना एक भीती वाटते, की मला त्यात जे दिसलं ते खरंच होतं का माझ्या मनाचे खेळ. लिहा बिनधास्त. हॉलिवुडमधे 1934 पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडक लागू झाला आणि आपल्यासारखी पात्रं उघडपणे दाखवायला बंदी आली, 1961 मधे थोडी ढील दिली आणि 1968 ला कोडच गेला. त्या काळातल्या लोकांना जे सांगायचं होतं ते नजरेतून, एखाद्या हातमोज्यातून, दारात जरा जास्त वेळ थांबण्यातून सांगावं लागलं. ते पकडायला आपण शिकलो, कोणी न शिकवता. दोन जिवलग मित्रांची गोष्ट म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवलेला सिनेमा तुम्ही अंधारात बसून वेगळाच बघितला असेल तर तो वेगळा सिनेमाच वहीत आला पाहिजे. आणि ज्या विनोदी पात्रांवर सगळं थिएटर हसत होतं आणि तुम्ही पण हसत होतात, पोटात कालवत असताना, तेही लिहा. ही वही नुसती आवडीची ठेवली तर अर्धी खोटी होते.

पुन्हा वाचायचं, पुन्हा बघायचं, हे वहीतलं खरं सुख. ख्रिस्तोफर इशरवुड ह्या लेखकाचं 'अ सिंगल मॅन' हे पुस्तक 1964 चं, त्यातला जॉर्ज 58 वर्षांचा प्रोफेसर आहे, जोडीदार अपघातात गेलाय, आणि आख्खं पुस्तक म्हणजे त्याचा एक दिवस. तरुणपणी वाचलं तर जॉर्ज म्हातारा आणि रडका वाटतो. त्याच्या वयाला पोचून वाचा, तो किती नेटाने उठतोय, आवरतोय, शिकवायला जातोय ते दिसायला लागतं. 2009 च्या सिनेमात त्याला फोनवर सांगतात की अंत्यविधी फक्त घरच्यांसाठी आहे, आणि तो रिसीव्हर धरून सभ्यपणे बोलत राहतो. ज्याने जोडीदार असा गमावलाय त्याला तो सीन समजावून सांगावा लागत नाही. पुन्हा वाचलं की जुनी नोंद खोडू नका, खाली नवी तारीख टाकून नवी लिहा. दोन्ही तुम्हीच आहात.

कॅसेट असतील तर त्यांचं काम आधी करा, टेप थांबत नाही आपल्यासाठी. कॅसेट उघड्या बाजूने बघा, टेपच्या मागे पत्र्याच्या पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा चौकोन असतो, तो पडला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या कॅसेटचा काढून लावता येतो. वरच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. खूप वर्षं पडून असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. प्लेअरचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. मग प्लेअरच्या हेडफोन सॉकेटमधून केबल कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला, लाइन-इन नसेल तर यूएसबीवाला छोटा अडॅप्टर मिळतो, आणि रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. कॅसेट जेवढी, वेळ तेवढाच लागतो, म्हणून शेजारी वही घेऊन बसा. आणि गाणी संपली म्हणून लगेच बंद करू नका! माझ्याकडे एका मित्राने भरून दिलेली कॅसेट आहे, तो आता नाही, बाजू संपायच्या जरा आधी त्याचा आवाज आहे, "थांब रे, उलटी करतो." एवढंच. गाणी सगळी नेटवर आहेत, हे कुठेच नाही.

डोळ्या-कानांचं थोडक्यात, ई-रीडरवर अक्षर मोठं करा, ऑडिओबुक ऐका, सिनेमाला सबटायटल लावा कारण वयाने वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात आणि डायलॉग निसटतात. लिहवत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करा, फाइलला गाण्याचं नाव आणि वर्ष द्या.

एक नियम मात्र पक्का. दुसऱ्यांची नावं लिहू नका. तुम्ही आउट असाल, म्हणजे गे असल्याचं उघड सांगितलं असेल, तो नसेल, त्याला बायको-पोरं असतील. एखादं अक्षर किंवा टोपणनाव वापरा, गावही लिहू नका. आणि तुम्ही स्वतः घरात सांगितलेलं नसेल तर वही कुलपात, फाइल्सना पासवर्ड, फोनचं आपोआप होणारं बॅकअप घरातल्या कॉमन अकाउंटवर जात नाही ना तेही बघा.

वही कोणाला द्यायची ते पहिल्या पानावर लिहा, आणि त्या माणसाला जिवंतपणीच सांगा. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं काही नाही. मी माझी वही ज्याला देणार आहे तो माझ्या निम्म्या वयाचा आहे, आम्ही अधूनमधून बसतो, तो एक गाणं लावतो, मी एक लावतो, गाणं संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मग ज्याने लावलं त्याने आधी बोलायचं. त्याची गाणी मला पहिल्या ऐकण्यात आवडतातच असं नाही, पण त्यातला मुलगा मुलासाठी गातोय आणि त्यात कोणालाच काही लपवायचं नाहीये हे ऐकून मी पुन्हा लाव म्हणतो. तीही आता माझ्या वहीत आहेत. त्यांच्यासमोर मी दोन्ही वर्षं लिहिली तेव्हा दोन्ही आकडे एकच होते.